जुनी आरएस आणि शोरूमची महिनाअखेरची ऑफर

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): बेळगावचे एक वाचक, वय चाळिशीच्या पुढे, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत स्वतःचं छोटं मशीन शॉप. त्यांच्याकडे २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (ऑक्टाव्हियाचं टर्बो पेट्रोल मॉडेल) आहे, २०१३ मध्ये कोल्हापुरातून सेकंड हँड घेतलेली, मग एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात नेायला आरटीओचा ना-हरकत दाखला) आणून रीतसर केए २२, म्हणजे बेळगाव पासिंग, करून घेतलेली. २०२१ ला आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू केली होती, ती मुदत आता संपत आलीय. घरात बायको, शाळकरी मुलगी आणि वडील, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि आरएसच्या खाली असलेल्या सीटवरून उठताना त्यांना दोघांचा हात लागतो. शोरूमवाल्यांनी नवीन कॉम्पॅक्ट एसयूव्हीवर आरएसचे १ लाख १० हजार आणि वर ४० हजार एक्स्चेंज बोनस असं सांगितलंय, ऑफर महिनाअखेरपर्यंत. गेल्या वर्षी गाडीच्या रिपेअरला साधारण ८० हजार गेले. बायको म्हणते आता पुरे. रविवारी पहाटे चोर्ला घाटात बरोबर जाणारे दोस्त म्हणतात विकलीस तर जन्मभर पस्तावशील, असल्या गाड्यांची किंमत पुढं वाढतच जाणार. शेवटी त्यांनी विचारलंय, "ताई, मन म्हणतंय ठेव, हिशोब म्हणतोय देऊन टाक. कुणाचं ऐकू?"

भाऊ,

हिशोब म्हणतोय देऊन टाक असं तुम्ही लिहिलंय, पण पत्रात हिशोब कुठंच केलेला नाही हो. गाडी वीस वर्षांची झाली आणि गेल्या वर्षी ८० हजार गेले, एवढ्यावरच तुम्ही धरून चाललाय की जुनी गाडी म्हणजे खर्चाची आणि नवीन म्हणजे स्वस्तातली. तेव्हा आधी तो हिशोबच करू, मनाचं मग बघू.

नवीन गाडी १२ लाख एक्स-शोरूम धरू, कारण तुम्ही ज्या प्रकारची गाडी म्हणताय तिचं बरं व्हेरिएंट तिथंच कुठंतरी जातंय. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स १७ टक्के, म्हणजे नुसता टॅक्सच २ लाख ४ हजार, सेस वेगळा, इन्शुरन्स वेगळा. आता ९ लाख लोन घेतलं, ९ टक्क्यांनी, पाच वर्षं, तर हप्ता येतो महिन्याला साधारण १८,७०० आणि पाच वर्षांत निव्वळ व्याज जातंय २ लाख २० हजारांच्या आसपास. आणि गाडीची किंमत? इन्शुरन्सवाले आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ज्या तक्त्यावरून काढतात त्यात पाच वर्षांत किंमत निम्मी धरलेली असते. बाजारात थोडी जास्त मिळेल कदाचित, पण तक्त्याप्रमाणं धरलं तर ६ लाख गेले, म्हणजे महिन्याला १० हजार, आणि हे नुसतं गाडी दारात उभी असल्याचे, अजून तिच्यात पेट्रोलही घातलेलं नाही.

त्याच्यासमोर आरएसचे ८० हजार ठेवा. महिन्याला पावणेसात हजार. तिची किंमत आता जी खाली यायची होती ती येऊन गेलीय. इन्शुरन्स थोडा जड आहे हे खरं, कारण १५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीला थर्ड पार्टीचाच प्रीमियम २०२२ पासून ७,८९७ रुपये आहे, वर जीएसटी, आणि तुमचं इंजिन १,७८१ सीसीचं. गावात मायलेज ८-९ मिळत असेल. हे सगळं धरलं तरी निव्वळ पैशाच्या भाषेत जुनी गाडी ठेवणं हेच स्वस्त आहे. म्हणजे हिशोब "देऊन टाक" म्हणतच नाहीये.

पण थांबा, लगेच दोस्तांना फोन करू नका, कारण हिशोबाच्या बाहेर एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या वडिलांचा गुडघा आहे. त्याला आरएसचं कुठलंही रिपेअर उपयोगी नाही. घराला बसायला-उठायला सोपी अशी गाडी लागणार आहे, आणि ती आता लागणार आहे, दोन वर्षांनी नाही.

म्हणून मला वाटतंय तुमच्यासमोर दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि शोरूमने ते एकाच कागदावर बांधून दिलेत. एक, घराला दुसरी गाडी हवी का. दुसरा, या आरएसचं काय करायचं. पहिल्याचं उत्तर हो आहे आणि घाईचं आहे. दुसऱ्याला घाई नाही. एक्स्चेंजमध्ये काय होतंय तर पहिल्याच्या घाईत दुसऱ्याचाही निकाल लागतो, आणि तोही महिनाअखेर आहे म्हणून. महिनाअखेर त्यांच्या टार्गेटची असते, तुमच्या घरात त्या तारखेला काहीच होणार नसतंय.

आता त्या ऑफरकडं जरा नीट बघा. ४० हजार बोनस हा आरएसचा नाही, तो एक्स्चेंजचा आहे, एखादी बारकी जुनी हॅचबॅक नेऊन लावली असती तरी बहुतेक तेवढाच मिळाला असता. आणि १ लाख १० हजार ही किंमत वर्ष आणि किलोमीटर बघून काढलेली, त्यात टर्बो चांगला आहे का, सर्व्हिसची फाईल आहे का, सीटं मूळची आहेत का यातलं काहीच नाही. ते लोक वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांना ती गाडी पुढं एखाद्या ब्रोकरला लगेच द्यायची असते, ते त्याच हिशोबानं बघणार. तुम्ही एक करा, एक्स्चेंज नाही, रोख आणि लोनवर घेतोय असं सांगून त्याच गाडीचं कोटेशन वेगळं मागा, सगळे डिस्काउंट लिहून मागा, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा की आरएसचे खरोखर किती मिळतायत. पुष्कळदा एका हातानं दिलेला बोनस दुसऱ्या हातानं ॲक्सेसरीज नि इन्शुरन्समध्ये घेतलेला असतो. आणि तो इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, हेही लक्षात असू दे.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेही इथं महत्त्वाचं आहे. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला आणि सेस गेला, त्यामुळं लहान नवीन गाड्या स्वस्त झाल्या आणि त्याच्या मागोमाग दोन-चार वर्षांच्या जुन्या गाड्यांनाही भाव कमी सांगावा लागतोय. तुम्ही घेणारे आहात, तुमच्या फायद्याचंच आहे.

बेळगावातलं पत्र आहे म्हणून एक गोष्ट सांगतेच, कारण ही वेळ आली की आपल्याकडं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, "कोल्हापुरात मावशीच्या पत्त्यावर घे की, टॅक्स वाचतोय." वाचतोय हे खरं आहे, महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आहे, म्हणजे १२ लाखांवर ६० हजारांचा फरक. पण गाडी राहणार टिळकवाडीत किंवा वडगावात, फिरणार काँग्रेस रोडवर, आणि कायद्याप्रमाणं बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात राहिली की त्या राज्याचं रजिस्ट्रेशन करून घ्यावं लागतंय, म्हणजे शेवटी इथला टॅक्स भरावाच लागतोय. मग कधी चेकिंगला अडवलं की पुरावे दाखवत बसा, इन्शुरन्स क्लेमला पत्त्याचा घोळ, विकताना पुन्हा एनओसी. तुम्ही स्वतः एकदा एनओसीचा तो सगळा फेरा केलेला आहे, तुम्हाला मी वेगळं काय सांगणार. जिथं राहतो तिथलीच गाडी घ्या.

आता दोस्तांच्या म्हणण्याकडं येते. किंमत वाढत जाणार हे ते प्रेमानं बोलतायत, पण त्यावर घर चालवू नका. सरकारच्या २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी, त्या मापानं तुमची आरएस २०५६ ला व्हिंटेज होणार. मधली तीस वर्षं ती फक्त जुनी गाडी आहे, ज्याला हवी त्याला हवी. आरएसला चाहते आहेत हे नक्की, २००४ मध्ये आली तेव्हा १५० पीएसची टर्बो पेट्रोल सेडान, मॅन्युअल गिअर, त्या किमतीत दुसरं काही नव्हतंच, आणि संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातून निघालेल्या त्या गाड्यांबद्दल आजही लोक जीव टाकून बोलतात. पण चाहता पैसे मोजतो तो चांगल्या गाडीला. स्टँडर्ड, न फोडलेली, ईसीयूशी (इंजिनच्या कॉम्प्युटरशी) खेळ न केलेली, बिलांची फाईल असलेली. बाकीच्यांना तोही ब्रोकरचाच भाव देतो. तेव्हा पैसे वाढतील म्हणून ठेवू नका. ठेवायची असेल तर चालवायला ठेवा.

आणि इथं मला तुम्हाला एक सरळ विचारायचंय. तुम्ही ती किती चालवता? पत्रात रविवारची चोर्ल्याची फेरी आहे, बाकी आठवडा ती उभी असते की रोज उद्यमबागेला जाते हे कळत नाही. उभी राहणाऱ्या गाडीचं आपल्याकडं वाईट होतं भाऊ. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर ओलच ओल, खालचा पत्रा गंजतो, बॉनेटखाली उंदीर वायरिंग खातात, ब्रेकच्या डिस्कवर गंज बसतो, टायरचं रबर कडक होतं. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून बनून जातंय ते, शेतकऱ्याचं बरं होतंय त्याबद्दल आनंदच आहे, पण २००६ च्या गाडीचे पेट्रोलचे पाईप, सील, पंप हे त्या हिशोबानं बनवलेले नाहीत, आणि इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, त्यामुळं महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी गाडी ही सगळ्यात वाईट. फ्युएल लाईन आणि रबराचे होज एकदा सगळे बघून घ्या, कडक किंवा भेगा पडलेले दिसले तर इथेनॉलला चालणारे बसवा. पेट्रोलचा जरासाही वास आला तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

गेल्या वर्षीचे ८० हजार कशात गेले तेही बघायला पाहिजे, मला वाटतं निम्मा निर्णय त्या बिलांमध्येच आहे. त्या १.८ टर्बो वीस व्हॉल्व्ह इंजिनची दुखणी जगभर सारखीच आहेत आणि ती ओळखीची आहेत. इग्निशन कॉइल जातात, गाडी झटके मारते. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटतो आणि बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) गळतो, लोकांना वाटतं टर्बो गेला. व्हॅक्यूमचे बारके होज भेगाळतात. टायमिंग बेल्टच्या आतल्या बाजूला वॉटर पंप असतो आणि मूळ पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा, तो तुटला की गाडी तापते. आणि ऑइल वेळेवर बदललं नाही तर त्याचा गाळ होऊन खालची जाळी तुंबते, मग ऑइल प्रेशर पडतं आणि टर्बो खरंच जातो. यातलं ऑइल आणि बेल्ट सोडून बाकीचं बहुतेक हळूहळू सहन करता येण्यासारखं आहे. बेल्ट मात्र नाही, तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग बिल ८० हजारांवर थांबत नाही. बेल्ट किलोमीटरनं संपतो तसा वर्षांनीही संपतो, कमी चालवली म्हणून तो टिकत नाही. शेवटचा बेल्ट कधी घातला ते बिल सापडत नसेल तर तो घातलेलाच नाही असं समजा, आणि बेल्ट, टेन्शनर, पंप एकदमच बदला, पंप धातूच्या पंख्याचा घ्या.

तर गेल्या वर्षीच्या ८० हजारांत हे एकदाच करायचं मोठं काम झालेलं असेल तर यंदा तेवढा खर्च येणार नाही, आणि झालेलं नसेल, नुसतं कॉइल आणि सेन्सर आणि एसी असं तुकड्या-तुकड्यानं गेलं असेल, तर अजून मोठं काम पुढं उभं आहे. दोन्हींत फार फरक आहे, आणि तुम्ही नुसता आकडा लिहिलाय.

तुम्हाला एक सोय आहे जी पुण्या-बेंगळुरूच्या आरएसवाल्याला नाही. उद्यमबाग. बुश, ब्रॅकेट, स्पेसर, अ‍ॅडॅप्टर असलं काहीही आपल्याकडं लेथवर काढून मिळतंय, तुम्ही तर स्वतःच काढाल. पण त्याचा मोह पण होतो बघा, जे बनवू नये तेही बनवलं जातं. सस्पेन्शनचा बुश काढा, ब्रेकचं काही काढू नका. आणि सेन्सर, कॉइल, एअरबॅगचं मॉड्यूल हे कुठल्या लेथवर येत नाही, ते मिळतायत का, किती दिवसांत मिळतायत, हे तुमच्या मेकॅनिकला आधी विचारा. पार्टसाठी गाडी दोन-दोन महिने गॅरेजला पडून राहिली असेल तर घरच्यांचा राग कशाचा आहे ते कळतंय.

घरच्यांचं निघालंच आहे तर. तुमच्या पत्रात गाडीबद्दल इतकं आहे, तिच्या आवाजापासून सीटच्या शिलाईपर्यंत, आणि वहिनींबद्दल एकच वाक्य, "बायको म्हणते आता पुरे." कशाला पुरे, हे तुम्ही विचारलंय का? खर्चाला पुरे, की रविवारी पहाटे तुम्ही निघून जाता आणि अकराला दमून येऊन झोपता त्याला पुरे, की बाबांना गाडीतून उतरवताना दवाखान्याच्या दारात चार लोक बघतात त्याला पुरे? पहिलं असेल तर आकडे मांडून बोलता येतं. तिसरं असेल तर दुसरी गाडी आली की संपतं. पण दुसरं असेल तर तुम्ही आरएस विकून एसयूव्ही आणली तरी ते तसंच राहणार, फक्त तुमच्याकडं आरएस नसेल आणि मनात त्याचा राग असेल, तोही त्यांच्यावर. असं होऊ देऊ नका. आज रात्री जेवणं झाल्यावर विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मधे गाडीची बाजू मांडू नका.

आणि वडिलांना विचारलंय का? गुडघ्याच्या माणसाला उंच गाडी सोयीची असते असं सगळे धरून चालतात, पण एसयूव्ही फार उंच असली तर पाय उचलून चढावं लागतं आणि तेही त्यांना दुखतं. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला हवी, म्हणजे वाकायला नको नि चढायला नको, नुसतं टेकलं की बसलं. दार रुंद उघडायला हवं, उंबरा उंच नको, वर धरायला हँडल हवं. उंच हॅचबॅकमध्ये हे कधीकधी एसयूव्हीपेक्षा बरं मिळतं आणि तीन-चार लाखांनी स्वस्त मिळतं. बाबांना बरोबर घेऊन जा, प्रत्येक गाडीत बसवा, उठवा, परत बसवा, सेल्समन घाई करू दे. पुढच्या सीटवरच नाही, मागेही, कारण मुलगी पुढे बसायचा हट्ट करणारच आहे.

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? मी एक्स्चेंज केलं नसतं, हे अगदी स्पष्ट सांगते. १२ लाखांची नवीन गाडीही घेतली नसती. घरासाठी दोन-चार वर्षांची, एका मालकाची, केए २२ किंवा २३ पासिंगची उंच हॅचबॅक किंवा लहान एसयूव्ही पाच-सहा लाखांत बघितली असती, ओळखीतून मिळाली तर उत्तम, आपल्याकडं कुणाच्या घरी कुठली गाडी कशी वापरली हे चार लोकांना माहीत असतंच. तिचं लोन लहान, हप्ता दहा हजारांच्या आसपास बसतो. आणि आरएस एक वर्ष ठेवली असती, पण मोकळी नाही, अटींवर. छप्पर असलेली जागा हवी, ती नसेल तर ठेवूच नका, पावसाळ्याआधी विका. वर्षाचं बजेट आधी वहिनींच्या समोर ठरवा, समजा ६० हजार, आणि ते घरखर्चातून नाही, वेगळ्या खात्यात महिन्याला पाच-पाच हजार टाकून. ते संपलं की पुढचं काम पुढच्या वर्षी. आणि दर आठवड्याला एकदा तरी गाडी इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालली पाहिजे, नुसती दारात सुरू करून बंद करणं म्हणजे उलट नुकसान. वर्षाअखेर या तीन गोष्टी जमल्या असतील तर पुढं ठेवा, नसतील तर विकून टाका, आणि तेव्हा मनाला लागणार नाही, कारण संधी दिली होती.

यातलं तुम्हाला परवडत नसेल, दोन गाड्यांची जागा नसेल, किंवा तुमच्या लक्षात आलं असेल की खरं तर आता तुम्हालाही पूर्वीसारखी ती चालवावीशी वाटत नाही, फक्त "आरएसवाला" म्हणून लोक ओळखतात ते सुटायला नको वाटतंय, तर विका. त्यात काही वाईट नाही. पण मग घाईनं शोरूमला देऊ नका, जाणकाराला विका, दोन-तीन महिने जातील, जाऊ द्या. आधी गाडी खालून-वरून धुऊन, स्कॅनर लावून एररचा रिपोर्ट काढा, कॉम्प्रेशन चेक करून घ्या, टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा (२३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा), आणि जे खराब आहे ते लपवू नका, लिहून द्या. असल्या गाडीचा गिऱ्हाईक तुमच्याइतकाच जाणतो, एक गोष्ट लपवलेली सापडली की त्याला बाकीच्या दहावरही विश्वास बसत नाही. मूळ सायलेन्सर, मूळ चाकं माळ्यावर असतील तर ती काढून बरोबर द्या, त्यालाच किंमत आहे.

हे पत्र आरएसचं आहे पण घराघरात होंडा सिटी व्हीटेक, पालिओ १.६, लान्सर असली एखादी गाडी ताडपत्रीखाली आहेच, त्यांनीही हेच करायचं. बनवणाऱ्या कंपनीनं भारतातून गाशा गुंडाळला असेल त्यांनी पार्टचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायचा आणि मगच प्रेमाबद्दल बोलायचं. बॉडीचे पत्रे, लाइटी, काचा, यांचा पुरवठा इंजिनाच्या पार्टपेक्षा आधी संपतो, एका बारक्या ठोकरीत गाडी भंगारात जाते.

आता आरसीचं. ठेवा किंवा विका, ती रिन्यू करूनच घ्या, कारण मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही आणि घेणाराही तेवढ्यावरून भाव पाडतो, पाच वर्षांची ताजी आरसी असली की तो प्रश्नच उरत नाही. दिल्लीतल्या पंधरा वर्षांच्या बंदीच्या बातम्या बघून घाबरलेले पुष्कळ आहेत, तो नियम दिल्ली आणि आसपासचा आहे, आपल्याकडं फिटनेस पास झाली की पाच वर्षं मिळतात. फी मात्र वाढलीय, पंधरा वर्षांवरच्या कारला २०२२ पासून ५,००० होती, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानं वीस वर्षांवरच्या कारला १०,००० झालीय, तेव्हा तुमच्या गाडीची पहिल्या रजिस्ट्रेशनची नेमकी तारीख आरसीवर बघा, वीस वर्षं भरायच्या आत अर्ज बसतोय का ते आरटीओत विचारा. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. फॉर्म २५, ग्रीन टॅक्स, चालू इन्शुरन्स, पीयूसी, आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलेली हवी. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला असेल तर मूळचा बसवून न्या, गाडीच्या मूळ रचनेत बदल केलेला चालत नाही आणि तिथं वाद घालून काही होत नाही.

विकलीच तर नाव ट्रान्सफर होईपर्यंत झोपू नका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, पुढं त्या गाडीनं अपघात केला तर नुकसानभरपाई त्याच्याकडं येऊ शकते, गाडी तुम्ही चार महिन्यांपूर्वी दिली असली तरी. नाव ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून नुसते देऊ नका, स्वतः ऑनलाइन अर्ज करा आणि नवीन नावाची आरसी डोळ्यांनी बघा. गिऱ्हाईक पुण्याचा-कोल्हापूरचा असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागणार, त्यात वेळ जातो, तोवर पूर्ण पैसे घेतल्याशिवाय गाडी हलवू नका आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या.

आणि एक जे जवळजवळ सगळेच विसरतात, नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो. बरीच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत असेल, आरएस विकलीत तर इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) प्रीमियमला लावता येतं. शोरूमवाला हे आपणहून सांगेलच असं नाही, तुम्हीच मागा. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करा, नाहीतर नवीन मालक हत्तरगीचा टोल भरणार आणि मेसेज तुमच्या फोनवर येणार.